डोक्यातलं उत्तर ओठांवर: बेळगाव सीमाभागातल्या मुलांसाठी सॉफ्टवेअर मुलाखतीची तयारी

माझी पहिली मोठी मुलाखत बेंगळूरला झाली. रात्रीच्या बसने पाचशे किलोमीटर गेलो, सकाळी स्टँडवरच तोंड धुतलं आणि नऊला कंपनीच्या दारात उभा राहिलो. समोरच्या सरांनी लिंक्ड लिस्ट (साखळीसारखी एकाला एक जोडलेली यादी) उलटी करायला सांगितली. मला ते येत होतं, वहीत वीस वेळा लिहिलं होतं. मी बोर्डाकडे तोंड करून लिहायला लागलो आणि दहा मिनिटं एक शब्दही बोललो नाही. मध्ये त्यांनी विचारलं, "काय विचार चाललाय?" मी म्हणालो, "नथिंग सर." तिथेच माझी मुलाखत संपली.

आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. मुलाखती घेतो, आणि सुट्टीत बेळगावच्या टिळकवाडीला घरी आलो की रविवारी आपल्या मुलांच्या सराव मुलाखतीही घेतो. खानापूर, येळ्ळूर, कंग्राळी, निपाणी, चिकोडी, सगळीकडची मुलं येतात. तीच शांतता मला पुन्हा पुन्हा दिसते. उत्तर डोक्यात असतं, ओठांवर येत नाही.

यामागे आपल्या भागाचं एक खास कारण आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पीयूसीला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की एका जूनमध्ये सगळं इंग्रजी. बसमध्ये आणि ऑफिसात कन्नड, घरी मराठी. इंजिनिअरिंगची चार वर्षं इंग्रजी नोट्स पाठ करून पेपर लिहिण्यात जातात, पण एखादी कल्पना इंग्रजीत कुणाला समजावून सांगायची वेळच येत नाही. मग मुलाखतीत मूल मराठीत विचार करतं, शब्दाला शब्द इंग्रजी शोधतं आणि तिसऱ्या शब्दाला अडकतं. समोरच्याला वाटतं, याला विषयच येत नाही.

म्हणून या लेखात तयारीच्या सगळ्या पायऱ्या आहेत, पण जोर एकाच गोष्टीवर आहे: विचार मोठ्याने मांडायची सवय. इंग्रजी सफाईदार नसलं तरी चालतं. गप्प बसणं चालत नाही.

आधी ठरवा, कुठल्या दारात जायचंय

कंपन्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या. मोठ्या सर्व्हिस कंपन्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या, एकदम शेकड्याने मुलं घेतात. तिथे आधी ॲप्टिट्यूडची चाचणी, मग सोपं कोडिंग, मग टेक्निकल आणि एचआर. बहुतेकांची ६० टक्क्यांची किंवा तेवढ्या सीजीपीएची अट असते आणि चालू बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) चालत नाही. प्रॉडक्ट कंपन्यांत, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, मुलं कमी घेतात, कोडिंगच्या दोन-तीन अवघड फेऱ्या होतात. आणि पंधरा-वीस माणसांच्या लहान कंपन्या असतात, तिथे तुम्ही प्रत्यक्ष काय बनवलंय ते बघतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या नोकरीसाठी तिन्हीकडे अर्ज करा, पण तयारी प्रॉडक्ट कंपनीची करा. ती तयारी बाकी दोन्हीकडे उपयोगी पडते, उलटं होत नाही. ॲप्टिट्यूडसाठी रोज अर्धा तास पुरतो. काळ-काम-वेग, टक्केवारी, नफा-तोटा हे आपण शाळेत घासूनपुसून केलंय, फक्त घड्याळ लावून सोडवायची सवय हवी.

आपल्या कॉलेजला कंपन्या कमी येतात ही तक्रार खरी आहे. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय मच्छेला, आपल्या अंगणात आहे, पण मोठ्या कंपन्यांची गर्दी बेंगळूरच्या कॉलेजांत होते. त्यामुळे ऑफ-कॅम्पस अर्ज, म्हणजे कॉलेजमार्फत न जाता थेट कंपनीला केलेला अर्ज, हा आपला मुख्य रस्ता समजा. आपल्याला एक जागा मात्र मोक्याची मिळालीय. पुणे साधारण साडेतीनशे किलोमीटर, बेंगळूर पाचशे, हुबळी शंभराच्या आसपास. दोन मोठ्या सॉफ्टवेअर शहरांच्या मधोमध आपण बसलोय आणि दोन्हीकडची भाषा आपल्याला येते. अर्ज पुण्यालाही करा, बेंगळूरलाही करा. "आपलं माणूस पुण्यात आहे" म्हणून एकाच शहराला चिकटून राहू नका.

बायोडेटा घरी ठेवा, रेझ्युमे बनवा

माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या कागदावर वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि खाली "वरील माहिती सत्य आहे" अशी प्रतिज्ञा असते. तो लग्नाचा किंवा सरकारी अर्जाचा नमुना आहे. सॉफ्टवेअरच्या रेझ्युमेत यातलं काहीच नको. एक पान पुरे. वर नाव, फोन, ईमेल, गिटहबची (कोड ठेवायच्या वेबसाइटची) लिंक. मग शिक्षण दोन-तीन ओळींत. मग प्रोजेक्ट. मग येणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि साधनं.

जे लिहाल त्यातल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार हे धरून चाला. एका मुलीने "मशीन लर्निंग" लिहिलं होतं, कारण दोन दिवसांची कार्यशाळा केली होती. पहिलाच प्रश्न त्यावर आला आणि पुढचा अर्धा तास ती सावरू शकली नाही. जे येतं तेवढंच लिहा. जावा, एसक्यूएल आणि थोडं गिट एवढंच असेल तर एवढंच, पण पक्कं.

बारा आठवड्यांचा रियाज

एक भाषा धरा: जावा, पायथन किंवा सी प्लस प्लस. कॉलेजात जी जास्त वापरली तीच घ्या. आठवड्याला भाषा बदलणाऱ्या मुलाचं काहीच पक्कं होत नाही.

पहिले चार आठवडे ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, टू पॉइंटर, बायनरी सर्च. पुढचे तीन लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, रिकर्शन. मग तीन आठवडे ट्री आणि ग्राफ, त्यात बीएफएस-डीएफएस (ट्री-ग्राफमध्ये फिरायच्या दोन पद्धती) हात बसेपर्यंत. शेवटचे दोन डायनॅमिक प्रोग्रामिंगची तोंडओळख आणि उजळणी. लीटकोड किंवा हॅकररँक या कोडिंगच्या सरावाच्या वेबसाइटवर रोज तीन गणितं, दोन नवी आणि एक आठवड्यापूर्वी सोडवलेलं. दीडशे गणितं समजून केलीत तर फ्रेशरच्या बऱ्याचशा मुलाखतींना पुरतात. पाचशे गणितांची उत्तरं वाचून काढलीत तर पुरत नाहीत.

आणि आता खरी गोष्ट. प्रत्येक गणित तीन फेऱ्यांत करा. पहिली फेरी पूर्ण मराठीत, मोठ्याने. घरात आई असेल, भाऊ असेल, तर त्याला समोर बसवा. त्याला काही कळलं नाही तरी चालेल. तुम्हाला वाक्य पूर्ण करायला लागेल, हेच हवं आहे. दुसरी फेरी आपण कॉलेजच्या कट्ट्यावर बोलतो तशी मराठी-इंग्रजी मिसळून. तिसरी साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत, मोबाईलवर रेकॉर्ड करून. मग ते ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तो बरा वाटायला लागतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण तोंडी सांगितल्यावर सगळे माना डोलावतात आणि करताना विसरतात.

प्रश्न: आकड्यांची यादी दिलीय, ४, ११, ७, ३, ८. बेरीज १० हवी. कुठले दोन आकडे?

मुलं लगेच कोड लिहायला धावतात. थांबा. आधी प्रश्न विचारा. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का? ऋण आकडे असू शकतात का? उत्तर एकच आहे की अनेक? उत्तरात आकडे हवेत की त्यांच्या जागा? हे चार प्रश्न विचारलेत की समोरचा सावरून बसतो, कारण रोजच्या कामात नेमकं हेच करावं लागतं.

मग साधा मार्ग बोलून दाखवा: "प्रत्येक आकडा उरलेल्या प्रत्येकाशी जोडून बघेन." हा मार्ग बरोबर आहे, पण यादी एक लाखाची असेल तर जोड्या होतात सुमारे ५०० कोटी. हा हिशेब तोंडाने सांगा. एन-स्क्वेअर (आकड्यांच्या संख्येचा वर्ग) एवढं म्हणून सोडू नका.

आता चांगला मार्ग. बाजूला एक रजिस्टर ठेवलंय असं समजा, येऊन गेलेल्या आकड्यांची नोंद त्यात होते. ४ आला, जोडीला ६ हवा. रजिस्टरमध्ये नाही. ४ नोंदवला. ११ आला, हवा उणे १. नाही. ११ नोंदवला. ७ आला, ३ हवा. अजून नाही. ७ नोंदवला. ३ आला, ७ हवा. आहे की! सापडलं. यादी एकदाच चालून झाली. हे रजिस्टर म्हणजे हॅशमॅप. त्यात शोधायला सरासरी सारखाच वेळ लागतो, नोंदी हजार असोत की लाख.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो तुम्हीच दाखवून दिलात तर मुलाखत तुमच्या बाजूला झुकते. आधी शोधायचं, मग नोंदवायचं. उलटं केलं आणि बेरीज ८ मागितली, तर एकटा ४ स्वतःशीच जोडी लावून मोकळा होईल.

शेवटी किंमत सांगा: "वेळ वाचला, पण रजिस्टरसाठी जादा मेमरी लागली." मग समोरून बहुतेक येतं, "यादी लावलेली असती तर?" तेव्हा दोन बोटं घ्या, एक सुरुवातीला, एक शेवटी. बेरीज कमी पडली तर डावं बोट पुढे, जास्त झाली तर उजवं मागे. जादा मेमरी लागत नाही.

हे सगळं मराठीत सरळ बोलता आलं की इंग्रजी करायला अवघड नाही, कारण वाक्यं लहान आहेत. "आय हॅव सेव्हन. आय नीड थ्री. इज थ्री ऑलरेडी सीन?" एवढं इंग्रजी आपल्या प्रत्येक मुलाला येतं. अडकलात तर तेही बोला: "आय ॲम स्टक हिअर, लेट मी ट्राय अ स्मॉलर एक्झाम्पल." मी मुलाखत घेताना असं म्हणणाऱ्याला हमखास धागा पकडून देतो. गप्प बसलेल्याला काय द्यायचं तेच मला कळत नाही.

प्रोजेक्ट गावातलाच घ्या

लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट बघून मुलाखतकार कंटाळलेत. त्यात तुमचं काहीच नसतं. आपल्या आजूबाजूला खऱ्या अडचणी पडल्यात, त्यातली एक उचला.

एका मुलाचे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये कामाला. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, मशीनिंग होऊन परत जायचं, सगळी नोंद कागदी चलनांवर. महिन्याच्या शेवटी किती माल आला आणि किती गेला याचा मेळ बसायचा नाही. त्याने चलन-नोंदीचं साधं वेब ॲप केलं: आवक, जावक, शिल्लक. दिसायला अगदी साधं. पण मुलाखतीत त्याला जे विचारलं गेलं ते कुठल्याही पाठ केलेल्या नोट्सच्या पलीकडचं होतं.

प्रश्न असा: शिल्लक १०० नग आहे. दोन टेबलांवर दोघेजण एकाच वेळी जावक नोंदवतात, एक ३० ची, एक ५० ची. काय होईल?

दोघांनीही १०० वाचलं. पहिल्याने ७० लिहिलं, दुसऱ्याने ५०. शेवटी डेटाबेसमध्ये ५० राहिलं. खरी शिल्लक २० आहे. तीस नग कागदावर जास्त दिसायला लागले. यालाच लॉस्ट अपडेट म्हणतात. उपाय दोन. ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ लॉक करून वाचायची, म्हणजे दुसरा थांबेल. किंवा वाचून-मग-लिहिणं सोडून एकाच अपडेटमध्ये "शिल्लक वजा ३०, पण शिल्लक ३० किंवा जास्त असेल तरच" असं लिहायचं आणि किती ओळी बदलल्या ते तपासायचं. शून्य ओळी बदलल्या तर माल कमी आहे.

त्या मुलाने ॲप करताना ही चूक स्वतः केली होती आणि वडिलांनी आकडा चुकतोय म्हणून दाखवली होती. तो ते तसंच सांगत गेला. डीबीएमएसचा (डेटाबेसच्या विषयाचा) अख्खा धडा त्याच्या अनुभवातून आला, पाठांतरातून नाही.

तुमच्याकडे काय आहे ते बघा. दूध डेअरीचा फॅट आणि लिटरचा हिशेब, महिला बचत गटाचं कर्ज-खातं, गणेश मंडळाची वर्गणी, मामाच्या किराणा दुकानाची उधारी. एक घ्या, खऱ्या माणसाच्या हातात द्या, त्याच्या तक्रारी ऐका आणि सुधारा. कोड गिटहबवर टाका. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळेल अशी ओळख वर लिहा: कुणासाठी, कुठली अडचण, काय केलं, काय बाकी आहे. हाच मजकूर आखडून रेझ्युमेत जातो.

बाकीचे विषय

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, डेडलॉक, पेजिंग. डेटाबेसमध्ये जॉइन, इंडेक्स, नॉर्मलायझेशन, ट्रान्झॅक्शन. नेटवर्कमध्ये ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं: डीएनएस, टीसीपी, टीएलएस, एचटीटीपी. ओओपीच्या (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या) चार कल्पना, पण पुस्तकातल्या कुत्र्या-मांजराच्या उदाहरणांऐवजी स्वतःच्या प्रोजेक्टमधल्या उदाहरणांनी. कॉलेजच्या शिकवण्यात कसर राहिली असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या वेबसाइटवर) हे सगळे विषय फुकट आहेत.

दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन कंपनी बदलणाऱ्यांना सिस्टीम डिझाइन, म्हणजे एखादी मोठी सेवा कशी उभारायची ते, विचारतात. तिथेही आकडे बोलायला शिका. लांबलचक लिंक छोटी करणारी सेवा बनवायचीय समजा. अक्षरं लहान-मोठी मिळून ५२ आणि अंक १०, एकूण ६२. सहा अक्षरी संकेत घेतला तर सुमारे ५,६८० कोटी लिंका होतात, सात अक्षरी घेतला तर सुमारे साडेतीन लाख कोटी. मग वाचणं जास्त की लिहिणं, कॅश (वारंवार लागणाऱ्या माहितीचा जवळचा साठा) कुठे, एक सर्व्हर पडला तर काय, या क्रमाने जा. पहिल्याच मिनिटाला काफ्का आणि कुबर्नेटिस अशा भारी साधनांची नावं घेणाऱ्यापेक्षा हा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

एचआरच्या फेरीला हलकं घेऊ नका

"स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की आपली मुलं "माय फादर इज अ फार्मर" पासून सुरू करतात. वडील शेतकरी आहेत हा अभिमानाचा विषय आहे, पण समोरच्याला तुमचं काम ऐकायचंय. दीड मिनिट घ्या: काय शिकलात, काय बनवलंत, त्यात काय अवघड गेलं, या कंपनीकडे का आलात.

बाकीच्या प्रश्नांसाठी पाच खरे प्रसंग लिहून ठेवा. टीममध्ये भांडण झालं, वेळेत काम झालं नाही, चूक झाली, नवं काही पटकन शिकावं लागलं, कुणाला मदत केली. प्रत्येकात चार गोष्टी: प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. "आम्ही केलं, आम्ही केलं" ही आपली बोलायची रीत आहे, त्यात नम्रता आहे. मुलाखतीत मात्र तुमचा वाटा कळायला हवा. "मी केलं" म्हणायला लाजू नका.

भाषेबद्दल विचारलं तर मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चारही सांगा. कन्नड मोडकंतोडकं असेल तर बेंगळूरला जाण्यापूर्वी ते सुधारून घ्या. तिथे घरमालकाशी, रिक्षावाल्याशी आणि ऑफिसातल्या अर्ध्या टीमशी त्याच भाषेत जिव्हाळा जुळतो. बसमध्ये कानावर पडून आपल्याला अर्धी येतेच, उरलेली अर्धी बोलून येते.

मुलाखतीच्या दिवशी

ऑनलाइन असेल तर वीज आणि नेट याचं आधी बघा. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टच्या पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते हे समोरच्या माणसाला माहीत नसतं. त्या दिवसासाठी बेळगावात नातेवाइकाकडे किंवा मित्राच्या खोलीवर या. राउटरला छोटा यूपीएस, मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड, लॅपटॉप पूर्ण चार्ज. एचआरचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. नेट गेलं तर लगेच फोन करून सांगा, वेळ बदलून मिळते.

पडद्यावर दुसऱ्या खिडकीत चॅटजीपीटी उघडून बसू नका. डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर फिरताना समोरच्याला स्पष्ट दिसतात. सरावात मात्र त्याचा भरपूर उपयोग करा: "माझी मुलाखत घे, एका वेळी एकच प्रश्न विचार, उत्तर देऊ नकोस" असं सांगा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर जमल्यास आदल्या दिवशीच पोचा. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी मुलाखत देणं काय असतं ते मी भोगलंय.

बाहेर पडल्यावर, चहा प्यायच्या आधी, विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. संध्याकाळपर्यंत अर्धे विसरतात. नकार आला तर त्या पानावर जिथे अडलात तिथे खूण करा आणि त्या आठवड्यात तेवढंच करा. माझी ती पहिली वही अजून आहे. पहिल्या पानावर लिंक्ड लिस्ट आहे, आणि शेजारी लाल शाईने "बोल!" लिहिलंय.

ऑफर हातात आल्यावर

सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) भागिले बारा म्हणजे पगार नव्हे. साडेचार लाखांचं पॅकेज म्हटलं की घरी सगळे साडेसदतीस हजार धरतात. समजा त्यात मूळ वेतन वर्षाला १,८०,००० आणि कामगिरीवर मिळणारा भाग ४५,००० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे २१,६०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे ८,६५८ हेही त्याच सीटीसीत मोजलेलं असतं. कामगिरीचा भाग, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीतून वजा करा, मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी २१,६०० वजा करा, कर्नाटकात महिन्याला साधारण २०० रुपये व्यवसाय कर जातो तो काढा. महिन्याला हातात पडतात साधारण २९,००० रुपये. बेंगळूरला पीजीचं भाडं ठरवण्याआधी आणि बहिणीला शब्द देण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा, मध्येच सोडलं तर किती भरावे लागतील, ते लेखी वाचा. नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे की ९० चा तेही बघा, कारण पुढची नोकरी धरताना तोच आडवा येतो. ट्रेनिंग किंवा डिपॉझिटच्या नावाने कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. आणि मार्कलिस्टच्या मूळ प्रती कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रती त्याच पिशवीत घालून घरी आणा.